माइकवरचा पांढरा ठिपका

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रज्ञाचं विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उठलं आणि नऊ सोळाला तिचा आवाज गेला.

आवाज गेला म्हणजे रेडिओ बंद पडला असं नाही. टेबलावरच्या रेडिओतून घरघर येत होती, पिठाच्या गिरणीत कुणी फोन धरून उभं राहावं तशी. घरघर सुरू व्हायची, चारपाच सेकंद चालायची, खटकन थांबायची. म्हणजे वर पोरगी बटण दाबत होती, बोलतही होती. खाली शब्द मात्र एकही पोचत नव्हता.

प्रेमराज सर खुर्चीत पुढे सरकले. वैमानिकांच्या शाळेत शिकवायला आल्याला त्यांना नऊ वर्षं झाली होती. मूळचे चोपड्याचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, म्हणून पोरं त्यांना जास्त भ्यायची.

"प्रज्ञा, शब्द येत नाहीत. परत सांग."

घरघर. थांबली.

दारात कादर मन्सुरी उभा होता. दोन्ही काखांत विमानाच्या सीटच्या दोन नव्या गाद्या. गेल्या वर्षापासून शाळेच्या विमानांच्या गाद्या तोच भरायचा, म्हणून गळ्यात फाटकाचा पास. पास रेडिओच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच चालायचा आणि कादर एक पाऊलही आत टाकत नसे. आजही तो उंबऱ्याबाहेरच होता. पण ती घरघर ऐकताना त्याच्या काखेतली एक गादी खाली निसटली.

आज प्रज्ञा एकटी जळगावला निघाली होती. धुळ्याहून उठायचं, जळगावला उतरायचं, परत यायचं, सोबत कुणी नाही. या अगोदर दोनदा तिचं हे उड्डाण अर्धवट राहिलं होतं. सरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, तिसऱ्यांदा राहिलं तर एकटीनं जाणं बंद. पुन्हा सुरुवातीपासून शिक्षकाशेजारी. बापानं धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकी करत इथवर आणलेली पोर. पुन्हा सुरुवातीपासून म्हणजे काय, हे तिला आणि कादरला दोघांनाही समजत होतं.

कादर जातीचा पिंजारी. देवपुरात रस्त्यालगत दुकान, दुकानात रुई पिंजायचं मशीन, माडीवर दोन खोल्या. एकीत तो आणि हसीनाबी, दुसरीत प्रज्ञा. तिचा बाप धम्मपाल त्याच्या वीस वर्षांच्या ओळखीचा. कादर त्याच्याच जिनिंगमधून रुई आणायचा. पोरीला धुळ्याला ठेवायचं ठरलं तेव्हा धम्मपालनं दुसरं घर पाहिलंच नाही.

पहिल्यांदा प्रज्ञा पारोळ्याच्या अलीकडूनच परत फिरली. हेडसेटच्या दाबानं डोकं फुटायची पाळी आली होती. दुसऱ्यांदा तिनं दुखतं म्हणून हेडसेटचा एक कप कानावरून सरकवला आणि सरांनी दिलेली सूचना तिला ऐकूच आली नाही. त्या संध्याकाळी ती दुकानात येऊन रुईच्या गाठोड्यावर बसली. तिचे डोळे कोरडे होते. दोन्ही कानशिलांवर मात्र लाल वळ, चष्म्याच्या दांड्यांचे.

"काय टोचस ते बोट ठेईसन दखाड," कादर म्हणाला.

तिनं दाखवलं. कानाच्या वर, केसांच्या कडेला.

"बठ्ठा भार आठेच शे. हाई काय टोपी शे का पक्कड?"

ती पक्कड शाळेच्या कपाटातली होती, सगळ्या पोरांच्या डोक्यावरून फिरलेली. स्प्रिंग ताठ, कानाच्या गाद्या वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारख्या झालेल्या. आपला सेट घ्यायला हवा हे प्रज्ञाला माहीत होतं. कोणता, हे ठरत नव्हतं. सीनियर पोरांपैकी जो तो आपलाच चांगला म्हणून सांगायचा.

"दोनतीन मांगी आन," कादर म्हणाला. "आपन बठीसन दखू."

तिनं दोन मागून आणले, तिसरा कपाटातला. आणि कादरनं परीक्षा घेतली ती आपल्या पद्धतीनं. पिंजायचं मशीन सुरू केलं. ते सुरू झालं की समोरच्या टपरीवाल्यालाही खुणांनी बोलावं लागतं. मशीनशेजारी स्टूल, स्टुलावर प्रज्ञा, डोळ्यांना चष्मा, डोक्यावर हेडसेट. एक सेट, एक तास. मध्ये उठायचं नाही, हात लावायचा नाही. तासानं कादर सेट उतरवायचा आणि कानशिलावर बोटानं दाबून पाहायचा, गिऱ्हाईक उशी दाबून पाहतं तसा.

हसीनाबी चहा घेऊन आली. पोरगी धुरळ्यात स्टुलावर ताठ बसलेली, नवरा घड्याळाकडे बघत उभा.

"इमान ती उडावस, डोकं तुमनं दुखस," ती म्हणाली.

कपाटातला सेट पंचवीस मिनिटांत बाद झाला. दुसरा बॅटरीचा, बाहेरचा आवाज कानात शिरण्याआधीच मारून टाकणारा. तो घातला तर मशीन शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं वाटायचं. वजनाला हलका, दाब नाही. प्रज्ञा खूश झाली. पण चाळिसाव्या मिनिटाला सेल उतरले आणि मशीन एकदम कानावर येऊन आदळलं. ती दचकून स्टुलावरून उठली.

"सेट चांगला आहे, चाचा. सेल सोबत ठेवायचे फक्त."

"नवा सेल घालाले वर कोन येई?"

"माझे मीच घालीन."

"तू इमान धरशी का सेल?"

ती हसली, पण विचारात पडली. मशीन आदळलं तेव्हा सेट बिघडला नव्हता, आपण दचकलो होतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिसरा साधा. सेल नाहीत, नुसते भरीव कप, कानाला मऊ जेलच्या गाद्या, डोक्यावरची पट्टी मागेपुढे सरकणारी. मशीनचा आवाज येत होता, पण एकसारखा, अंगवळणी पडणारा. तासाभरानं कानशिलावर वळ होता, फिकट.

"हाऊच ले," कादर म्हणाला.

वळ राहतो तो चष्म्याच्या जाड दांडीमुळे, हेही त्यानंच शोधलं. प्रज्ञानं चौकट बदलून बारीक तारेची केली. पट्टीखाली कादरनं रुईची बोटभर गादी शिवून दिली. उत्साहात कानालाही कापडी खोळ घातली, तर प्रज्ञा मशीनशेजारी बसून म्हणाली, "चाचा, कापसातून आवाज गळतोय." ती त्यानं मुकाट्यानं उसवली. तो साधा सेट मागवला, आला, आणि प्रेमराज सरांनी फिरवून फिरवून बघितला.

"काम छान आहे, कादरभाऊ. डोक्यावरचं काय करायचं ते करा. पण तोंडापुढच्या दांडीला हात लावायचा नाही. ते आपलं काम नाही."

"नाही साहेब," कादर म्हणाला होता.

आणि काल संध्याकाळी त्यानं हात लावला.

एप्रिलचं ऊन बेचाळीसवर. माइक ओठाच्या अगदी जवळ ठेवावा लागतो आणि त्याच्यावरचा स्पंज घामानं भिजून प्रज्ञाच्या ओठाला लागायचा. ओठ सोलला होता. ती तक्रार करत नव्हती. तिनं मीठ लागू नये म्हणून भाकरी बाजूनं खाल्ली, ते कादरनं बघितलं. सेट जिन्याच्या खिळ्याला टांगलेला होता. त्यानं स्पंज काढला, मलमलची बोटभर पिशवी शिवली, माइकवर चढवली. शिवण ओठाकडे येत होती. पिंजाऱ्याच्या घरात शिवण कातडीला लागू देत नाहीत. गादी असो, रजई असो, तान्ह्याचं दुपटं असो, टाका बाहेरच्या अंगाला. म्हणून त्यानं माइकच गरकन फिरवला. शिवण पलीकडे गेली, मऊ बाजू ओठाकडे आली. मग मेणाच्या दोऱ्यानं खोळ दांडीला आवळून बांधून टाकली. खोळ चढवण्याआधी माइकच्या एका अंगाला पांढरा ठिपका दिसला होता. असेल कंपनीची खूण, म्हणून तो खोळीखाली गेला.

प्रज्ञानं सकाळी हात लावून बघितलं आणि म्हणाली, "वा चाचा." घाईत होती.

"प्रज्ञा, मला ऐकू येत असेल तर बटण एकदा दाब," प्रेमराज सर रेडिओत म्हणाले.

घर्र. एकदा.

"म्हणजे कान ठीक आहे. तोंड गेलंय." सर स्वतःशीच बोलत होते. "जमिनीवर असताना येत होता आवाज. खोल येत होता, पण येत होता. इंजिनाचा जोर वाढला आणि बुडाला."

त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. नऊ एकोणीस.

"जळगावला दहा वाजता प्रवासी विमान उतरतं. आवाजाशिवाय हिला तिकडं पाठवता येत नाही. परत बोलावतो."

कादरच्या खिशात फोन थरथरला. धम्मपाल. कादरनं व्हरांड्याच्या टोकाला जाऊन कानाला लावला.

"कादरभाऊ, निंघनी का मनी पोर?"

"निंघनी."

"मी आठे विमानतळनी भिंतजोडे उभा शे. लवकरच उनू. कोन्या बाजूनी येई ती?"

"मावळतीनी बाजूनी. ऱ्हाय उभा."

"आवाज असा काबर येस तुना?"

"ऊन शे," कादर म्हणाला आणि फोन ठेवला.

दारातून सर दिसत होते. त्यांचा हात बटणाकडे चालला होता. त्यांनी परत बोलावलं की पोरगी परत येईल, सुखरूप येईल. ती खाली उतरेपर्यंत कादर विमानापाशी पोचू शकत होता. गादी बसवायच्या निमित्तानं आत वाकून एक गाठ सोडली, खोळ खिशात घातली की झालं. सेट नवा होता, बिघडला म्हणतील. कुणी कादरचं नाव घेणार नव्हतं. फक्त वहीत प्रज्ञाच्या नावापुढे तिसऱ्यांदा अर्धवट पडेल.

त्यानं दुसरी गादीही खाली ठेवली आणि उंबरा ओलांडला.

"साहेब, मी केलं ते."

सरांनी मान वळवली. हात बटणावरच.

"तोंडाच्या दांडीला कापड शिवलं. काल. माइक उलटा केला. एक पांढरा ठिपका होता, तो झाकला गेला."

कपाटातला जुना सेट सरांनी ओढून काढला आणि त्याच्या माइकवर बोट ठेवलं. तिथंही ठिपका होता, झिजलेला.

"हा?"

"हाच."

"हा तोंडाकडे लागतो. या अंगानं बोलणं ऐकतो आणि त्या अंगानं इंजिनचा आवाज मारतो. तुम्ही तिला उलट्या अंगानं बोलायला लावलंय."

"मला नाही माहीत होतं, साहेब."

"म्हणूनच सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून." आवाज चढला नाही. "तिला सांगतो, फिरव म्हणून."

"फिरणार नाही. बांधलंय."

"मग तोडेल."

"मेणाचा दोरा आहे. दातानं तुटत नाही."

सरांनी पहिल्यांदाच डोळे मिटले. मग उघडले.

"साहेब, गाठ सुटते," कादर भराभर बोलू लागला. "रजईची गाठ आहे. दोन वर्षांनी रजई उसवून रुई परत पिंजावी लागते, म्हणून आमची गाठ सुटणारीच असते. दोन टोकं. लहान ओढलं की एका झटक्यात सुटते. मोठं ओढलं तर आवळते, मग ब्लेडच लागतं."

"ती विमान चालवतेय, कादरभाऊ. एकटी. गाठ बघायला तिनं डोळे आत आणले तर बाहेर कोण बघणार?"

"बघायची गरज नाही. माझी आई आंधळी होती, ती सोडायची."

त्यानं खिशातून दोरा काढला, जुन्या सेटच्या दांडीला तीच गाठ मारली आणि सरांपुढे धरली. सरांनी खिडकीबाहेर नजर लावली आणि एका हातानं चाचपडलं. ओढलं. आवळली. कादरनं पुन्हा बांधली. सरांनी पुन्हा चाचपडलं, लहान टोक नखात धरलं, ओढलं. दोरा त्यांच्या मांडीवर पडला.

नऊ तेवीस. ती पारोळ्यावर असणार.

"एरंडोलपर्यंत," सर म्हणाले. "एरंडोल येईस्तोवर आवाज आला नाही तर ती परत फिरेल आणि मी दुसरं काही ऐकणार नाही."

त्यांनी बटण दाबलं. "प्रज्ञा, नीट ऐक. सेट बिघडलेला नाही. माइक उलटा बसलाय. आधी विमान सरळ कर, उंची धर. धरलीस की एकदा दाब."

बराच वेळ काही आलं नाही. मग घर्र.

"डोळे बाहेर. उजवा हात दांडीवर ने. कापडाच्या बुडाला गाठ आहे. दोन टोकं, एक लहान, एक मोठं. लहान ओढायचं. मोठ्याला हात लावायचा नाही. सुटली तर कापड काढ, माइक फिरवून ठिपका तोंडाकडे आण आणि बोल. नाही सुटली तर दोनदा दाब."

कादर टेबलाला धरून उभा होता. पंख्याखालच्या वहीची पानं फडफडत होती. फोन पुन्हा थरथरला. त्यानं खिशावर हात दाबून धरला.

घर्र. घर्र.

"लहान टोक सापडत नसेल," सर म्हणाले.

"नाहीच सापडणार," कादरचा चेहरा पडला. "मी आत दडवलं. पोरं ओढतात म्हणून रजईचं लहान टोक शिवणीत दडवायचं असतं. हाताला सवय. साहेब, शिवण तिच्या तोंडाच्या पलीकडे आहे. शिवणीवर नख फिरवायचं, वरून खाली. जिथं नख अडेल तिथं टोक आहे."

सरांनी शब्दाला शब्द सांगितलं. वरून खाली. नख अडेल तिथं. शेवटी आपलं एक वाक्य घातलं, "घाई नाही. आधी विमान."

नऊ सत्तावीस. नऊ अठ्ठावीस. सरांनी नकाशावर एरंडोलपाशी पेन्सिल टेकवून ठेवली होती. कादरला रजईच्या त्या गाठी आठवत होत्या, आयुष्यात मारलेल्या, किती ते देव जाणे. एकही आपण होऊन सुटली नाही म्हणून त्याला अभिमान वाटायचा. आता त्याला वाटत होतं, ही एक कच्ची असती तर.

नऊ तीस. सरांनी बटणावर बोट ठेवलं.

"प्रज्ञा, आता—"

"...एरंडोल दिसतंय," रेडिओ म्हणाला. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. "उंची तीन हजार पाचशे. अंदाजे वेळ जळगाव, नऊ बेचाळीस."

तिनं पुन्हा एकदा तेच सांगितलं, आता इंग्रजीत, ठरलेल्या पद्धतीनं, एक शब्दही इकडचा तिकडं नाही. खोळीबद्दल काही नाही, गाठीबद्दल काही नाही. सरांनी तसंच कोरडं उत्तर दिलं, जळगावशी बोलायला सांगितलं आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

कादरनं गळ्यातला पास काढला आणि टेबलावर ठेवला.

सरांनी तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. कादरला वाटलं, देतील परत. सरांनी ड्रॉवर उघडून आत टाकला.

"तुम्ही बोललात म्हणून पोरगी पुढे गेली," ते म्हणाले. "पण तुमच्यामुळेच अडली होती. मी वर लिहून पाठवणार. सीझनभर तरी तुम्ही फाटकाच्या आत येऊ नका."

"बरोबर आहे, साहेब."

"गाद्या ठेवून जा. आमची माणसं बसवतील."

"डावी-उजवी वेगळी आहे. मागं खडूनं लिहिलंय."

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली त्यानं फोन बघितला. धम्मपालचे चार फोन. लावला तर पलीकडे वारा आणि माणसाचा श्वास.

"कादरभाऊ, उतरनी," धम्मपाल म्हणाला. "इतली धाकली दिसनी. उतरनी."

"मालूम शे," कादर म्हणाला. त्याला काहीही मालूम नव्हतं.

संध्याकाळी पाचला प्रज्ञा दुकानात आली आणि पहिल्यांदा कानशिलं पुढे केली. कादरनं बोटानं दाबलं. वळ नव्हता. मग तिनं खिशातून मलमलची खोळ काढून मशीनवर ठेवली. दोरा अजून एका बाजूनं लोंबत होता. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलं होतं.

"चाचा, ही परत शिवून द्या. ठिपक्याएवढं भोक ठेवून. मी सरांना विचारीन."

"तोंडनी दांडीले मी हात लावाव नही."

"चूक माझी पण आहे. उडायच्या आधी ठिपका बघायचा असतो. मी बघितला नाही, मऊ लागलं म्हणून हुरळून गेले."

"पास गया ना मना," कादर म्हणाला.

"माहीत आहे. सरांनी सांगितलं." तिनं स्टूल ओढून घेतलं. "सर म्हणाले, डाव्या-उजव्या गाद्या उलट्या बसवल्या त्यांच्या माणसांनी. खडू पुसला गेला."

हसीनाबी जिन्यातून हसली. कादर हसला नाही, पण त्यानं ती खोळ उचलून गल्ल्याच्या खणात ठेवली, फेकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला प्रज्ञा जिना उतरली, हातात हेडसेट. कादर रुई सोडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ठिपका?" त्यानं विचारलं.

प्रज्ञा थांबली. माइक डोळ्यांपुढे धरला, बोटानं चाचपला.

"तोंडाकडे."

"जाय."

ती स्कूटीवरून वळणापलीकडे गेल्यावर त्यानं मशीन सुरू केलं. त्या सीझनभर हे रोज चाललं. पास परत मिळाला तो दिवाळीनंतर, पण तोवर विचारायची सवय लागली होती, आणि प्रज्ञानं त्याच्या आधीच सांगून पाहिलं तरी कादर स्वतः विचारून उत्तर ऐकल्याशिवाय मशीनचं बटण दाबत नसे.